चांदीची मान

बसण्याआधी खाली काय आहे ते बघावं, एवढी अक्कल माणसाला लहानपणीच येते. बँडमध्ये सगळे ज्यांना साडूभाऊ म्हणत, त्यांना ती साठीला टेकले तरी आली नव्हती. हॉटेलच्या मागच्या खोलीत बँडची मंडळी कपडे बदलत होती. स्टुलावर एक मखमली पिशवी पडलेली होती. साडूभाऊ बूट चढवायला त्या स्टुलावर बसले आणि त्यांच्याखाली काहीतरी दबल्याचा आवाज आला. ड्रम वाजवणाऱ्याला शोभेल असं त्यांचं वजन होतं. ते उठले तेव्हा पिशवीतली सॅक्सोफोनची मान चपटी झाली होती.

मान म्हणजे सॅक्सोफोनचा वरचा वाकडा तुकडा. त्याच्या एका टोकाला तोंडात धरायचा माउथपीस बसतो आणि दुसरं टोक खालच्या मोठ्या नळीत जातं. वाजवून झालं की हा तुकडा काढून वेगळा ठेवतात. म्हणजे तो सुरक्षित राहतो, असं म्हणतात.

"मान मोडली," साडूभाऊ पडल्या आवाजात म्हणाले. "त्यापेक्षा माझी मोडली असती तर बरं."

"तुमची मोडून काय करायचंय? तिच्यातून सूर थोडाच निघणार आहे," क्लॅरिनेटवाली म्हणाली.

सगळे हसले. ज्याची मान होती तोही हसला. बँडमध्ये त्याला लांबदम म्हणत. दिवसा तो पुस्तकं बांधण्याच्या कारखान्यात काम करायचा. शनिवारी संध्याकाळी हॉटेलच्या दालनात लोक जेवत असताना, नाचत असताना हा बँड वाजायचा. त्यात एक संथ धून होती. बँडच्या म्होरक्याने, म्हणजे कप्तानने, ती तरुणपणी खास लांबदमसाठी बांधली होती. तिची पहिली ओळ इतकी लांब होती की ऐकणाऱ्याचाच जीव कासावीस व्हायचा. लांबदम ती एका श्वासात वाजवायचा. ओळ संपेपर्यंत जेवणारे घास हातात धरून थांबतात, असं वेटर सांगायचे. त्याचं नाव या ओळीवरून पडलं होतं. खरं नाव बायकोला आणि पगारपत्रकाला ठाऊक होतं, तेवढं पुरे होतं.

वाद्यांच्या दुकानात पहिल्यासारखी पितळी मान शिल्लक नव्हती. चांदीची होती. "उलट चांगलंच झालं," दुकानदार म्हणाला, "चांदीचा आवाज गोड." भरपाई म्हणून साडूभाऊंनी ती आपल्या खर्चाने आणून दिली.

आणि पहिल्याच शनिवारी ओळ मध्येच तुटली. लांबदमला श्वास घ्यावा लागला. पुढच्या शनिवारी पुन्हा तेच झालं, तेही त्याच जागी. कपडे बदलताना कप्तान पाठमोरा राहूनच म्हणाला, "आवाज पातळ झालाय रे. बघ काय ते. नाहीतर ती ओळ आपण क्लॅरिनेटला देऊ."

घरी जाताना लांबदमच्या डोक्यात एकच विचार होता. चांदीमुळे हे होत असेल, तर मान बदलली की झालं. पण चांदीमुळे होत नसेल, तर मग राहतं कोण? आपणच. आपला दमच संपला, आणि तो कधी संपला ते आपल्यालाही कळलं नाही.

म्हणून दोष चांदीचाच निघावा, असं त्याला मनापासून वाटत होतं. आणि इतकं मनापासून वाटतंय म्हणूनच त्यावर विश्वास ठेवायला तो कचरत होता.

तो दुरुस्तीवाल्याकडे गेला. दुरुस्तीवाल्याने चष्मा कपाळावर सरकवला आणि मान उलटसुलट करून बघितली. "चांदी दम पिते," तो म्हणाला. "पितळ दम परत देतं. सगळे वाजवणारे हेच सांगतात."

"आणि तुम्हाला काय वाटतं?"

"मी वाजवत कुठे? मी गळती बघतो. तुमच्या मानेला गळती नाही."

क्लॅरिनेटवालीला शंकाच नव्हती. "दादा, चांदी थंड असते, थंड. माझी पहिली क्लॅरिनेट प्लास्टिकची होती. लाकडाची हातात आली आणि मी पहिल्याच सुराला रडले."

"सूर चांगला लागला म्हणून?"

"लाकूड आहे म्हणून," ती म्हणाली, आणि मग स्वतःच जराशी गोंधळली. "म्हणजे, दोन्ही."

त्याची भाची कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवायची. तिने फोनवरच निकाल लावला. "मामा, वाजते ती आतली हवा. नळीची भिंत जवळजवळ हलतच नाही. आकार महत्त्वाचा. धातू कुठला का असेना."

"म्हणजे हे सिद्ध झालंय?"

"आडाखे आहेत. थांब, मी शोधते."

दोन दिवसांनी ती घरीच आली, पण आधीचा रुबाब नव्हता. "मामा, गंमतच आहे. जो तो ठासून बोलतो. विकणारे म्हणतात फरक पडतो, आमचे लोक म्हणतात पडत नाही. पण नीट तपासून बघितलंय का म्हणून शोधायला गेलं, तर हाताला फारसं काही लागत नाही. जे लागलं, त्यात वाजवणाऱ्याला माहीत होतं की हातात काय आहे. मग त्याला काय अर्थ?"

लांबदमला हे ऐकून कसंसंच झालं. कारखान्यात गोंदावरून वाद झाला की ते बांधलेलं पुस्तक घेत, एक पान धरत आणि ओढत. पान निघालं की गोंद वाईट. वाद तिथेच मिटायचा. इथे इतकी वर्षं इतके लोक इतक्या तावातावाने बोलत होते, आणि पान ओढून बघायला कुणीच पुढे झालं नव्हतं.

"आपण बघू या," तो म्हणाला, आणि आपल्याच बोलण्याने दचकला.

दुरुस्तीवाल्याने त्याच आकाराची एक पितळी मान चार दिवसांच्या बोलीवर दिली. रविवारी दुपारी लांबदमच्या घरी परीक्षा ठरली. बाहेरच्या खोलीत कप्तान, क्लॅरिनेटवाली, भाची आणि लांबदमची बायको बसली. आतल्या खोलीत लांबदम, डोळ्यांवर बायकोचा लोकरी मफलर बांधून. शेजारी साडूभाऊ. मान काढायची आणि घालायची, हे काम त्यांचं.

"चार वेळा काढा, चार वेळा घाला," भाचीने बजावलं. "कुठली घालायची ते तुम्ही ठरवा. हवं तर तीच परत घाला. पण क्रम लिहून ठेवा. मामाला सांगायचं नाही, आम्हाला सांगायचं नाही, खोकून-बिकून खुणा करायच्या नाहीत."

"मी ड्रम वाजवतो बाई, हेरगिरी करत नाही," साडूभाऊ म्हणाले. कागद सगळे बाहेरच्यांना अंदाज लिहायच्या चिठ्ठ्यांत गेले होते, म्हणून त्यांनी क्रम तळहातावर लिहायचं ठरवलं.

"आणि बसण्याआधी खाली बघा," बाहेरून क्लॅरिनेटवाली ओरडली.

मफलरच्या आत अंधार होता आणि कपाटातल्या डांबराच्या गोळ्यांचा वास होता. खट्‌, मान निघाली. खट्‌, मान बसली. लांबदमने माउथपीस ओठात धरला आणि ती ओळ वाजवली. मग पुन्हा. मग पुन्हा. वाजवताना त्याला भलतेच प्रश्न पडत होते. ही मान गार लागते आहे का? की साडूभाऊंच्या हाताने गरम झाली आहे? हा सूर भरला, म्हणजे पितळ असेल. पण मघाशीही भरला होता असं वाटतंय. मघाशी म्हणजे कधी? चौथ्यांदा वाजवून झालं तेव्हा त्याला घाम फुटला होता. मफलर काढल्यावर खोली आधीपेक्षा लहान वाटली.

बाहेर भाची चिठ्ठ्या वाचत होती. "कप्तानकाका म्हणतात, पहिल्या दोन पितळ, पुढच्या दोन चांदी. क्लॅरिनेटवाल्या ताई म्हणतात, पहिली चांदी, बाकी तिन्ही पितळ. मी..." ती थांबली. "मी लिहिलंय की फरक आहे. हो, मला फरक ऐकू आला. मला येऊ नये असं वाटत होतं, तरी आला. पण माझं यांच्यापैकी कुणाशीच जुळत नाही. मामी, तुमची चिठ्ठी कोरी कशी?"

लांबदमच्या बायकोने शेगडीकडे एकदा बघून घेतलं. "मला धातूतलं काय कळतं? मी आपली ऐकत होते, हे मधे श्वास घेतात का ते. तिसऱ्या वेळी घेतला नाही. बाकी तीन वेळा घेतला."

शेगडीवर दुधाला साय धरू लागली होती.

"तिसऱ्या वेळी?" लांबदम म्हणाला.

"अहो, मला वाटलं तसं. दुधावर एक डोळा होता माझा. माझ्यावर नका ढकलू."

"घेतला होता," क्लॅरिनेटवाली म्हणाली, "पण चोरून. नाकाने."

"नव्हता घेतला," कप्तान म्हणाला. "अगदी जुन्यासारखी गेली ओळ. मी वर बघितलं होतं."

"काका, वर बघून काय ऐकू येतं?" भाची म्हणाली. मग सगळे लांबदमकडे बघू लागले. ज्याने श्वास घेतला किंवा घेतला नाही, त्याला तर माहीत असणारच. लांबदमने आठवायचा खूप प्रयत्न केला. त्याला मफलरचा वास आठवला, गारव्याचा प्रश्न आठवला. श्वासाचं काही आठवेना.

"असू दे," भाची म्हणाली. "तिसरी कुठली होती, साडूकाका?"

साडूभाऊंनी मूठ उघडली. तळहातावर निळसर काळा चिकट ओघळ होता, अक्षर एकही नव्हतं. मान बदलली की तिच्यावर माउथपीस चढवायला मानेच्या टोकाच्या बुचाला थोडं ग्रीस लावावं लागतं. ते बोटाने लावायचं आणि बोट तळहाताला पुसायचं. सगळे वाजवणारे असंच करतात. गेली कित्येक वर्षं लांबदमला बघून साडूभाऊंनीही तेच केलं होतं.

"आठवून बघा ना!"

"आठवतोय," साडूभाऊ म्हणाले. त्यांची नजर तळहातावरून हलत नव्हती. "पितळ, चांदी... नाही. चांदी, मग तीच परत... की पितळ परत? बाई, आत एवढा मोठा आवाज चालू होता माझ्या कानाशी."

भाचीने शेवटची आशा म्हणून विचारलं, "मामा, निदान माउथपीस चारही वेळा तेवढाच आत होता ना? सूर त्यावर अवलंबून असतो."

"तो मी हलवतो," लांबदम अपराध्यासारखा म्हणाला. "सुराला लावायला. हात आपोआप जातो."

"प्रत्येक वेळी?"

"पोटाला भूक लागते तसं आहे ते. लागतेच."

भाचीने कपाळाला हात लावला. कप्तान हसायला लागला आणि हसता हसता खोकला. क्लॅरिनेटवालीने सगळ्यांसाठी चहा टाकला, आणि तो पिताना पुन्हा एकदा ठामपणे सांगितलं की चांदी थंडच.

त्या रात्री लांबदमला झोप लागली ती बेताचीच. सकाळी कामावर जाण्याआधी त्याने पितळी मान लावून ओळ वाजवली, आणि ती तुटली. चांदीची लावली, तर त्याच जागी तुटली. पण आता त्याला माहीत होतं की कुठली लावली आहे, आणि माहीत असलं की मन आधीच पुढे जाऊन त्या जागी दबा धरून बसतं. मग याला काय परीक्षा म्हणायची? धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, अशी गत. पितळी मान त्याने दुरुस्तीवाल्याला परत केली. ठेवून घ्यायची तर कुठल्या आधारावर?

संध्याकाळी साडूभाऊ आले. आधी दारातच उभे राहिले, मग आत येऊनही बसले नाहीत. बसण्याची त्यांना हल्ली धास्तीच वाटत असावी.

"तुम्हाला वाटतंय मला आठवतंय आणि मी सांगत नाही," ते म्हणाले.

"तसं नाही."

"वाटतंय. माझ्याही मनात आलं असतं." साडूभाऊंनी टोपी काढून पुन्हा घातली. "खरं सांगू? तिसरी पितळी निघाली, तर तुमचा आवाज माझ्या बुडाखाली गेला. चांदीची निघाली, तर मी सुटलो, पण मग तुमचा दम... म्हणून मी आधीच ठरवलं होतं. काहीही निघो, पितळच सांगायचं. दोष माझ्यावर येऊ दे. माझं अंग मोठं आहे, सोसेल."

"मग सांगितलं का नाही?"

"मूठ उघडली आणि तिथे काहीच नव्हतं. काहीतरी लिहिलेलं असतं ना, तर त्याच्याविरुद्ध खोटं बोललो असतो. पण काही नसताना कशाविरुद्ध बोलणार? जीभच उचलेना."

लांबदमने स्टूल पुढे सरकवलं. साडूभाऊंनी आधी खाली बघितलं, मग बसले. आतून बायको म्हणाली, "अहो, विचारा त्यांना, जेवून जाणार का," आणि त्याने तेवढंच विचारलं.

शुक्रवारी दुपारी तो कप्तानच्या दुकानात गेला. कप्तानचं चष्म्याचं दुकान होतं. आत एक बाई भिंतीवरची अक्षरं वाचत होती आणि कप्तान तिच्या डोळ्यांसमोर भिंगं बदलत होता. "आता नीट दिसतंय की आधी?" तो विचारायचा. ती म्हणायची, "आता." मग तो दुसरं लावायचा. "आता की आधी?" "आधी. नाही, आता. पुन्हा दाखवा ना." लांबदम बाकावर बसून ऐकत राहिला. बाई गेल्यावर कप्तान म्हणाला, "बोल."

"ती ओळ क्लॅरिनेटला दे."

"चांदीमुळे?"

"माहीत नाही. चांदी असेल, मी असेन. चारात एकदा जमली म्हणतात, तीही जमली की नाही कुणाला ठाऊक. मी इतके दिवस कारण शोधत होतो. कारण सापडलं की मग सांगेन म्हटलं. पण ते सापडायचं लक्षण नाही आणि उद्या शनिवार आहे. कारण काहीही असो, माझ्याने ती ओळ पुरी होत नाही. एवढंच मला खात्रीने सांगता येतं."

हे बोलताना त्याचा आवाज खाली खाली गेला. इतक्या वर्षांत त्याने हे वाक्य कुणापुढे उच्चारलं नव्हतं, स्वतःपुढेही नाही.

कप्तानने हातातलं भिंग पुसलं, मग तेच पुन्हा पुसलं. "आवाज पातळ झाला म्हटलं मी," तो म्हणाला, "तेव्हा तुझी ती मान दिव्याखाली चकाकत होती. आता मलाच कळत नाही, मी कानाने ऐकलं की डोळ्याने. रविवारी मी पितळ म्हणून जे छातीठोक सांगितलं, ते काय होतं देव जाणे." त्याने गल्ल्याखालून बँडच्या सुरावटीचे कागद काढले आणि कानामागची पेन्सिल हातात घेतली. "कुठे लागतो तुला श्वास?"

"काय?"

"ओळीत. कुठे लागतो? नेमकी जागा दाखव."

लांबदमचे कान तापले. एखाद्याने भर दुकानात सदरा काढायला सांगावा, तसं त्याला झालं. त्याने हळू आवाजात ओळ गुणगुणायला सुरुवात केली, आणि ती जागा आली तसा थांबला. कप्तानने कागदावर तिथे एक छोटं स्वल्पविरामासारखं चिन्ह काढलं. मग दुसऱ्या कागदावर. मग तिसऱ्या. क्लॅरिनेटच्या, ट्रम्पेटच्या, सगळ्यांच्या.

"त्यांना कशाला?" लांबदम म्हणाला. "त्यांच्या सुरात तिथे श्वास लागत नाही."

"तू एकट्याने घेतलास तर तो धाप लागल्यासारखा वाटतो. सगळ्यांनी घेतला तर तो धुनेचा होईल. निदान मला तसं वाटतंय." कप्तानने पेन्सिल परत कानामागे खोचली. "चुकलं तर चुकलं. क्लॅरिनेटला ओळ देणं काही पळून जात नाही. आणि ती घेईल की नाही, हाही प्रश्नच आहे. परवा म्हणत होती, दादांची ओळ मी कशी वाजवू."

"असं म्हणाली?"

"म्हणाली. वर म्हणाली, चांदी थंडच."

शनिवारी दालन भरलेलं होतं. संथ धून आली तेव्हा लांबदमचे हात गार पडले होते, मानेपेक्षाही गार. तो ओळीत शिरला. ती जागा जवळ येऊ लागली तसं त्याच्या छातीत जुनं काहीतरी हट्टाला पेटलं: न थांबता जा, आज जमेल. कदाचित जमलंही असतं. पण ट्रम्पेटवाला तयारीत होता, क्लॅरिनेटवालीने खांदे उचलले होते, साडूभाऊंनी काड्या झांजेपासून वर धरल्या होत्या. एवढी माणसं आपल्यासाठी थांबायला निघालेली असताना त्यांना टाकून पुढे पळणं त्याला जमेना. तो थांबला. सगळ्यांनी एकदम श्वास घेतला, तो दालनभर ऐकू गेला. जवळच्या टेबलावरच्या एका बाईनेही घेतला. मग ओळ पुढे सुरू झाली आणि शेवटपर्यंत गेली.

कपडे बदलताना क्लॅरिनेटवाली त्याच्याजवळ आली. डोळे पुसत होती. "बघा दादा, मी म्हणत नव्हते? पितळी मान परत लावल्याबरोबर आवाज कसा भरला!"

मान अजून त्याच्या हातातच होती. चांदीचीच. तिला दाखवायला त्याने हात पुढे केला, आणि अर्ध्यावर थांबला. कारण आज आवाज भरला होता, हे त्यालाही ऐकू आलं होतं. निदान ऐकू आल्यासारखं वाटलं होतं.

"भाचीला एकदा विचारायला पाहिजे," तो म्हणाला.

"काय विचारायचं?"

त्याने थोडा विचार केला. नेमकं काय विचारायचं ते त्याला सांगता येईना. शेवटी त्याने फडकं घेतलं आणि मान आतून पुसायला लागला.